वाचकांचे प्रश्न: सुमोचं सर्टिफिकेट अन् सरकारी नोकरी

प्रश्न: माझी भाची इथं महाल भागातल्या तालमीत कुस्ती खेळते, वजन ६३ किलो. एक कोच म्हणतात तिला सुमोत टाका, खेळणाऱ्या पोरी कमी आहेत, डायरेक्ट नॅशनल खेळेल अन् सर्टिफिकेटवर नोकरी लागेल. फी भरपूर मागतात. सुमो तर जपानी माणसांचाच खेळ ना? काय करू? (एक मामा, नागपूर)

उत्तर: मामा, पैसे लगेच देऊ नका, पण खेळाला नाही पण म्हणू नका. टीव्हीवर आपण बघतो ते प्रोफेशनल सुमो, ते जपान सुमो असोसिएशन चालवते, तिथं बायकांना जागा नाही अन् वजनगट पण नाहीत. हौशी सुमोचा कारभार पूर्ण वेगळा आहे, त्याची इंटरनॅशनल सुमो फेडरेशन १९९२ मध्ये टोकियोत उभी राहिली, २००१ पासून बायकांची वर्ल्ड चॅम्पियनशिप पण होते अन् ६५ किलोपर्यंतचा गट आहे, म्हणजे तुमची भाची त्यात बसते. मुंबईची हेतल दवे २००९ ला तैवानच्या वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, भारताकडून खेळली आहे.

आता मुद्दा कागदाचा. वर जागतिक फेडरेशन, खाली आशियाई, त्याखाली देशाची संघटना अन् मग राज्य-जिल्हा, ही साखळी कुठं तुटते ते बघा. कोचना सरळ विचारा की तुमची जिल्हा संघटना कोणाला जोडलेली आहे, अन् ती देशाची संघटना जागतिक फेडरेशनच्या सदस्य यादीत आहे का ते स्वतः तपासा, कारण नावात ‘इंडिया’ अन् ‘फेडरेशन’ लिहिलं म्हणून कोणी अधिकृत होत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटीची मान्यता आहे असंही सांगतील, ती जागतिक फेडरेशनला आहे हे खरं, पण सुमो ऑलिम्पिकमध्ये नाही अन् त्या मान्यतेवर इथं नोकरी मिळत नाही. महाराष्ट्रात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी खेळ अन् स्पर्धा दोन्ही शासनाच्या जीआरमध्ये बसाव्या लागतात अन् सर्टिफिकेटची पडताळणी क्रीडा खातं करतं. म्हणून आधी नागपूरच्या विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या ऑफिसात जाऊन लेखी विचारा.

कुस्ती मात्र सोडायला लावू नका, पोरीची मेहनत तिथं आहे. सुमोत तळपाय सोडून अंगाचं काहीही जमिनीला लागलं की हार, त्यामुळं पट काढताना, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडताना, गुडघा टेकायची सवय तिला तिथं मोडावी लागेल, हे कोच शिकवतात का ते एक दिवस सरावाला बसून बघा. अन् फी द्यायचीच झाली तर संघटनेच्या नावाची पावती घ्या, कोचच्या खात्यात पैसे टाकू नका.