सात-आठमध्ये समोरच्याची पाने आपल्याच पानांतून वाचावी लागतात

सात-आठ या पत्त्यांच्या खेळाचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत, तरीही सुटीत आजोबांसमोर बसल्यावर दहांतले आठ डाव तुम्ही हरता, आणि म्हणून हा नुसता नशिबाचा खेळ आहे की तो शिकताही येतो, असे तुम्ही विचारले आहे. तो शिकता येतो. किंबहुना दोघांत खेळायच्या पत्त्यांच्या ज्या खेळांची मला ओळख आहे, त्यांत नशिबाला इतक्या लवकर बाजूला बसवणारा दुसरा खेळ मला सापडलेला नाही.

मला तो आत्याने शिकवला. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि सांगलीतल्या आमच्या नदीकाठच्या घराच्या तळमजल्यात पाणी शिरले, तेव्हा आम्ही काही दिवस माडीवर काढले. वीज नव्हती, मोठी माणसे जिन्याच्या कितव्या पायरीला पाणी लागले हे पाहण्यात गुंतलेली होती, आणि पत्त्यांच्या कॅटपाशी उरलो ते आम्ही दोघे. मी पहिले दोन दिवस एकही डाव जिंकलो नाही. त्यानंतर आत्याने खेळ थांबवला आणि मला जे सांगितले, तेच या उत्तरात आहे.

पुढचे बोलणे एकाच नियमांवर चालावे म्हणून आमच्या घरचे नियम थोडक्यात सांगतो. दुर्रीपासून छक्क्यापर्यंतची सगळी पाने आणि किल्वर व चौकट यांच्या सत्त्या बाजूला काढल्या की तीस पाने उरतात. ती पाच-पाच करून वाटली जातात. पहिली पाच पाने पाहून न वाटणारा हुकूम, म्हणजे बाकीच्या रंगांना मारणारा रंग, बोलतो, त्याला आठ हात करायचे, म्हणजे पानाला पान पडलेल्या आठ फेऱ्या जिंकायच्या असतात आणि पहिली उतारी, म्हणजे फेरीतले पहिले पान टाकणे, त्याची असते. वाटणाऱ्याला सात हात पुरतात. रंगाला रंग टाकणे सक्तीचे असते. ज्याचे हात कमी पडतात, त्याच्या पानांतून पुढच्या डावात दुसरा तितकीच पाने न पाहता ओढतो आणि प्रत्येक पानाबदली आपल्याला नको असलेले एक पान परत देतो.

आता मुख्य मुद्दा. तीस पाने दोघांत पंधरा-पंधरा वाटली गेली की एकही पान खाली राहत नाही. रमीत गड्डीत काय दडले आहे ते कळत नाही. हीच तीस पाने तिघांत वाटून पाच-तीन-दोन खेळताना न दिसणारे पान दोघांपैकी नेमके कोणाकडे आहे ते कळत नाही. सात-आठमध्ये मात्र जे पान तुमच्याकडे नाही ते आजोबांकडेच आहे, तिसरी जागाच नाही. तुमच्याकडे बदामाचा एक्का, राणी, दश्शी, नव्वी आणि सत्ती आली असेल, तर आजोबांकडे बदामाचा राजा, गुलाम आणि अठ्ठी आहे, आणि हा अंदाज नसून हिशेब आहे. इस्पिक आणि बदाम यांची आठ-आठ पाने खेळात असतात, किल्वर आणि चौकट यांची सात-सात, एवढे पाठ असले की पुरे. आजोबा तुमची पाने पाहून खेळत आहेत असे जे तुम्हाला वाटते, ते एका अर्थाने खरेच आहे. तुम्हीही त्यांची पाहू शकता, फक्त पाहत नाही.

आत्याने माझ्याकडून करून घेतलेला सराव असा होता. वाटून झाले की ती आपली पाने पालथी ठेवायची आणि मी माझ्या पानांकडे पाहून तिची पंधरा पाने रंगवार म्हणून दाखवायची. पहिल्या वेळी मला पुष्कळ वेळ लागला आणि दोन पाने चुकली. तिसऱ्या दिवशी मी चहा पिता पिता सांगू लागलो. त्यानंतर आम्ही दोघांचीही पाने उघडी मांडून डाव खेळलो. तुम्ही आजोबांना असे चार-पाच उघडे डाव खेळायला अवश्य सांगा, कारण सगळे काही डोळ्यांसमोर असूनही हात कसे निसटतात हे त्यात दिसते, आणि नशिबाचा वाटा किती आणि आपल्या चुकीचा किती याचा निवाडा तिथेच होतो.

हात निसटण्याचे सर्वांत मोठे कारण घाईची उतारी हे आहे. नवा खेळाडू एक्का हातात आला की तो आधी वाजवून मोकळा होतो. समजा, हुकूम किल्वर होता, तो संपला आहे आणि तीन-तीन पाने उरली आहेत. तुमच्याकडे बदामाचा एक्का, बदामाची राणी आणि इस्पिकची अठ्ठी आहे. आजोबांकडे बदामाचा राजा, बदामाची अठ्ठी आणि इस्पिकची नव्वी आहे. तुम्ही एक्का उतरलात तर आजोबा अठ्ठी टाकतील, मग तुमच्या राणीवर त्यांचा राजा पडेल आणि शेवटी नव्वीचा हातही त्यांचाच होईल. तुमच्या वाट्याला एकच हात. तेच तुम्ही आधी इस्पिकची अठ्ठी उतरलात, तर आजोबांना नव्वीने तो हात घ्यावाच लागतो आणि पुढची उतारी त्यांच्या गळ्यात पडते. त्यांनी बदामाचा राजा टाकला तर तुमचा एक्का, अठ्ठी टाकली तर तुमची राणी. दोन्ही हात तुमचे. ज्या रंगात आपल्या दोन मोठ्या पानांमधले पान समोरच्याकडे असते, तो रंग आपण होऊन उतरायचा नाही, त्याला उतरायला लावायचे. कधी कधी हात घेण्यापेक्षा सोडण्यातच फायदा असतो, ही गोष्ट पटायला मला फार वेळ लागला, कारण हात घेणे म्हणजे जिंकणे अशीच लहानपणापासून समजूत होती.

हुकूम बोलताना माझे मत मोठ्या पानांपेक्षा संख्येच्या बाजूचे आहे. पाच पानांत एखाद्या रंगाचा एकटा एक्का आणि दुसऱ्या रंगाची राणी, नव्वी, अठ्ठी आली, तर मी दुसरा रंग बोलतो. तो रंग बदाम असेल तर त्याची उरलेली पाच पाने तुम्हाला न दिसलेल्या २५ पानांत विखुरलेली असतात आणि त्या २५ पैकी दहा पाने तुमच्याकडे यायची असतात, म्हणजे सरासरीने आणखी दोन हुकूम येतात आणि समोर तीन राहतात. पाच विरुद्ध तीन हे बळ आठ हातांसाठी पुरेसे असते. कधी पाचही हुकूम समोर जातात, हे खरे. तेवढे नशीब या खेळात आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

राहिली पाने ओढण्याची गोष्ट, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तुमचे बरेचसे नुकसान इथेच होत असणार, कारण हरणाऱ्याची चांगली पाने जाऊन तो पुन्हा हरतो. तुम्हाला ओढायला मिळाले, तर परत देताना नेहमी सर्वांत लहान पान देऊ नका. ज्या रंगाचे एकच कुचकामी पान असेल ते द्या, म्हणजे तो रंग तुमच्याकडे संपतो आणि पुढे त्यावर हुकूम मारता येतो. देवाणघेवाण झाली की पहिल्या उतारीआधी समोरच्या पंधरा पानांची मोजणी पुन्हा करा. आणि ओढण्याची पाळी आजोबांची असेल, तेव्हा पाने रंगवार लावून त्यांच्यापुढे धरू नका. जवळजवळ प्रत्येक जण हुकूम एका टोकाला आणि एक्के रंगाच्या सुरुवातीला लावतो. माझे हुकूम डाव्या बाजूला असतात हे आत्याने दुसऱ्याच दिवशी ओळखले होते आणि ती सरळ डाव्या टोकाचे पान उचलायची. आजोबांनी हात पुढे करण्याआधी आपली पंधरा पाने एकदा पिसून घ्या, आणि ते ओढत असताना तुमची नजर एक्क्यावर जाऊ देऊ नका.