तालिमखाना: तालमीचा नव्हे, तळ्याचा

प्रश्न असा आहे: ओढ्याकाठी वाढणाऱ्या जांभळ्या फुलांच्या काटेरी झुडपाला 'तालिमखाना' म्हणतात. त्याचा तालमीशी काही संबंध आहे का? आणि मखाणे याचेच का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच, नाही. दवाखाना, कारखाना यांच्या चालीवर आपण हा शब्द 'तालीम + खाना' असा फोडतो आणि तिथेच फसतो. हिंदीत तो 'तालमखाना' आहे. तिकडे ताल म्हणजे तळं, आणि पुढचा भाग मखान्याचाच दिसतो. मराठी कानाला 'ताल' म्हटलं की तबला ऐकू येतो, तळं दिसत नाही. मधला 'लि' बहुधा त्यामुळेच शिरला. बिया पौष्टिक म्हणून घेतात, त्यानेही तालमीच्या कल्पनेला बळ मिळालं असावं.

मखाणा ही वेगळीच वनस्पती, युरिअली फेरॉक्स. ती कमळही नव्हे, कुमुदाच्या कुळातली. मिथिलेच्या तळ्यांतून तिचं बी काढतात आणि भाजून, फोडून लाह्या करतात. तिची पानं पाण्यावर तरंगतात. तालिमखाना (हायग्रोफिला ऑरिक्युलाटा) अडुळशाच्या कुळातला. तो चिखलात, भातखाचराच्या बांधाला, तळ्याच्या उतरत्या काठावर ताठ उभा राहतो.

ओळखायचा तर फुलापेक्षा पेर बघा. खोड चौकोनी, केसाळ, पेराशी फुगलेलं. प्रत्येक पेराला सहा पानं, बाहेरची दोन लांब आणि आतली चार आखूड. त्यांच्या बेचक्यांत सहा सरळ, पिवळसर काटे. संस्कृतात याला 'क्षुर' म्हणजे वस्तरा असंही म्हणतात, ते उगाच नाही. फुलं पाऊस सरल्यावर पेरालाच घोसाने येतात: दोन ओठांची, निळसर जांभळी, खालच्या ओठावर पिवळा डाग. पिवळ्या फुलांच्या काटेकोरांटीशी गल्लत होते, पण ती कोरड्या जमिनीतली.

शंका उरलीच तर अर्धा चमचा बी पाव वाटी पाण्यात टाका. तालिमखान्याचं बारीक, चपटं बी थोड्याच वेळात बुळबुळीत होऊन एकमेकांना चिकटतं. मखाण्याची लाही फक्त भिजून मऊ पडते.

निरीक्षणाच्या वहीत मात्र 'कोळसुंदा' लिहावं. हेही याचंच मराठी नाव, आणि त्यात मखाणा डोकावत नाही.