सोरायसिस आहे, पाव्हण्यांना सांगायचं का?

लग्नाच्या वयाची मुलगी आणि अंगावर सोरायसिसचे चट्टे असले की आईबाप एकच पेच घेऊन येतात: आधी हे मुळासकट घालवायचं आणि मग स्थळं बघायची, की झाकून उरकून टाकायचं? लातूरकडच्या एका घराचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी बी.कॉम. झालेली, पतसंस्थेत कामाला. त्वचारोगतज्ज्ञांनी माझ्याकडे समुपदेशनाला पाठवली, कारण ती औषध मधेच सोडून द्यायची. ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस, डोक्याला स्कार्फ. बोलत होती आई. मुलगी ओढणीवर पडलेला कोंडा बोटानं टिपून मुठीत धरत होती, माझ्या फरशीवर सांडू नये म्हणून.

"लई उपाय केले बगा मॅडम. वांगं बंद, दही बंद, आंबट बंद. एकानं पुडी दिली, पंधरा दिवसांत अंग आरशावानी झालं. अन् पुडी बंद केली की दुपटीनं उठलं."

अशा बिननावाच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. पोटातून घेतलेल्या स्टेरॉइडनं चट्टे झपाट्यानं जातात, आणि ते एकदम तोडलं की आजार उसळतो. कधी कधी सगळं अंग लालभडक होतं, थंडी वाजते, दवाखान्यात भरती करावं लागतं. हिच्या कागदांत तशी भरतीची नोंद होती. घरच्यांनी त्यातून अर्थ काढला तो असा की पुडी चांगली होती, फक्त कोर्स अर्धवट राहिला.

इथे मला थांबावं लागतं. एरवी मी आजार समजावत बसत नाही, पण शरीरात काय चाललंय हे कळल्याशिवाय हा उपायांचा शोध थांबत नाही. निरोगी कातडीत नवी पेशी तळातून वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये रोगप्रतिकारशक्ती उगाच चेतते आणि तेच काम काही दिवसांत उरकतं. न पिकलेल्या पेशींचे थर साचतात, तोच चंदेरी पापुद्रा. रक्त खराब नाही, अंगात घाण नाही, जंतू नाही. जंतूच नाही तर लागण कशाची होणार? जन्मभराचा आजार आहे, पण ताब्यात राहतो. आईची रक्तदाबाची गोळी रोजची होती. रक्तदाब मुळासकट जायची वाट बघत त्या बसल्या नव्हत्या.

मुलगी पहिल्यांदा बोलली ती वज्रीबद्दल. अंघोळीत ती वज्रीनं कोपरं आणि गुडघे घासायची, पापुद्रा निघेपर्यंत, कधी रक्त येईपर्यंत. या आजारात जिथं कातडीला इजा होते तिथं नवा चट्टा उठू शकतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वज्री गेली, अंघोळ झाल्या झाल्या ओल्या अंगावर मलम आलं.

घरात तिचं ताट वेगळं, टॉवेलची खुंटी वेगळी. आजीला वाटायचं हा महारोग आहे. आजीला हसू नका. वैद्यकशास्त्रानंही शतकानुशतकं या दोन आजारांची गल्लत केली. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी 1841 मध्ये ते नीट वेगळे केले. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बधिरपणा येतो, इथं खाज सुटते. आणि कुष्ठरोगही सरकारी दवाखान्यातल्या फुकट औषधांनी पूर्ण बरा होतो, तेव्हा ताट वेगळं करायचं कारण तिथंही नाही.

दोष मात्र आईच्या माथी. "पोटात असताना गिऱ्हान पाळलं नाही म्हणतात मला." वडील दाराजवळ खुर्चीत, अंगठ्यानं मोबाईल पुसत. त्या अंगठ्याच्या नखावर सुईनं टोचावेत तसे बारीक खड्डे होते. टाच दुखते का, विचारलं. "सकाळी उठलं की अर्धा तास पायच टेकत नाही. रानातलं काम, दुसरं काय?" निदान करणं माझं काम नाही, त्यांनाही त्याच डॉक्टरांकडे पाठवलं. सोरायसिसच निघाला, नखांचा आणि सांध्यांचा. सांध्यांचं लवकर कळलेलं बरं, दुर्लक्ष झालं तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. ग्रहणाचा विषय त्या घरात परत निघाला नाही.

झोप कशी आहे, जीव नकोसा होतो का, हे मी मुलीला सरळ विचारलं. या आजारात नैराश्य बरंच आढळतं आणि घरचे त्याला लग्नाचं टेन्शन म्हणून सोडून देतात. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिच्या मोबाईलमध्ये टाकून दिला.

आता पाव्हण्यांचं. माझं मत स्पष्ट आहे: पसंती झाली की सुपारी फुटायच्या आधी सांगायचं, आणि मुलीनंच सांगायचं. थंडीत आजार बऱ्याचदा वाढतो, म्हणजे झाकलेलं पहिल्या हिवाळ्यापर्यंतच टिकतं. शिवाय तिला चालू असलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि गरोदरपणात ती अजिबात चालत नाही. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून बंद करावी लागते. सासरी चोरून घ्यायची ही गोळी नव्हे.

वाक्यं आम्ही बसून ठरवली. "मला सोरायसिस आहे. कुणाला लागत नाही. कमी-जास्त होतं, औषध चालू आहे. मुलांना होण्याची शक्यता थोडी जास्त, पण बहुतेकांना होत नाही. डॉक्टरांशी बोलायचं असेल तर चला." सुरुवातीला ती हे फरशीकडे बघून म्हणायची आणि आई मधेच "पर आता लई कमी हाय" घुसडायची. आईला गप्प बसवायला जास्त वेळ गेला.

उदगीरकडचं एक स्थळ फोनवरच मोडलं. पत्रिका जमत नाही म्हणाले. वडील खचले. मुलगी पुढच्या आठवड्यात अर्ध्या बाह्यांच्या ड्रेसमध्ये आली आणि म्हणाली, पतसंस्थेत एकीनं विचारलं, मी सांगून टाकलं.

दुसरं स्थळ डॉक्टरांपर्यंत आलं. मुलाच्या मामानं मटण चालतं का विचारलं. चालतं, दारू आणि तंबाखूनं मात्र आजार बिघडतो. मुलानं गोळी किती आधी बंद करायची ते विचारलं आणि ती नसेल तेव्हा पर्याय काय, तेही. अरुंद पट्ट्यातल्या अतिनील किरणांचा उपचार गरोदरपणातही देता येतो, हे त्याला तिथंच कळलं. बोलणी सध्या अडली आहेत, पण सोरायसिसवर नाही. पाच तोळं मागितलंय. त्याला काय उत्तर द्यायचं हे वडिलांनी मला विचारलं, आणि मुलीनं ते माझ्याआधीच दिलं.