रत्नागिरीत घरी सॉरक्रॉट (मीठ लावून आंबवलेला कोबी) करायचंय, कोबी कशाने चिरू? विळी, किसणी की स्लायसर?
घरात धारदार विळी असेल तर दुसरं काही विकत घेऊ नका. गड्ड्याचे चार भाग करा, मधला दांडा काढा आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीचे लांब काप पाडा. किसणी आणि मिक्सर नकोच. त्यात कोबीचा भुगा होतो, आणि आपल्याकडच्या उकाड्यात तो भराभर आंबून पार गिळगिळीत होतो. म्हणून कोकणात काप जरा जाडच बरे. पाच-सहा गड्डे करायचे असतील तर स्लायसर घ्या, पण कोबी धरायच्या पकडीसकट. शेवटचा तुकडा नुसत्या हाताने सरकवताना हमखास बोट कापतं. मीठ मात्र विळीजवळ नको, लोखंडी पात्याला गंज चढतो. कोबी परातीत काढून किलोला २० ग्रॅम मीठ लावा आणि पाणी सुटेपर्यंत चोळा.