हलकं खाणाऱ्या आजी

"या वयात कमीच खाल्लेलं बरं, नाही का?" हा प्रश्न आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे महिन्यातून चारदा तरी येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा होकारच हवा असतो. लेकीबरोबर आलेल्या 76 वर्षांच्या एका आजींनी तर विचारलंही नाही, कौतुकाने सांगूनच टाकलं. "माझं खाणं अगदी हलकं. वर्षात पाच किलो उतरले, काही न करता!" लेक मात्र घाबरलेली. आई दोनदा धडपडली होती, जिन्यात मध्येच थांबायला लागली होती. "वय झालं की हे व्हायचंच, की आमचं काही चुकतंय?"

मी आजींना हातांची घडी घालून खुर्चीतून उठायला सांगितलं. दोनदा पुढे झुकल्या आणि पुन्हा बसल्या. तिसऱ्यांदा नकळत हात खुर्चीच्या दांड्यावर गेला, तेव्हा कुठे उठल्या. "तुमची खुर्चीच खोल आहे हो," म्हणाल्या. खुर्ची साधीच होती.

उतारवयातल्या या खंगण्याला डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणतात. वृद्धांच्या आरोग्याच्या अमेरिकी तज्ज्ञ लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये तिच्या पाच खुणा सांगितल्या: प्रयत्न न करता घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यातल्या तीन दिसल्या की फ्रेल्टी, एक-दोन असतील तर माणूस तिच्या उंबरठ्यावर. वजनात वर्षभरात 5 टक्के घट झाली तरी ती खूण धरतात. आजी 56 किलोंवरून 51 वर आल्या होत्या, म्हणजे जवळजवळ 9 टक्के. ज्याचं कौतुक चाललं होतं, त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले होते.

मग दिवसभराचं खाणं लिहून काढलं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी थोडा भात, वाटीभर डाळ आणि शिजून मऊ झालेली भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री सूप. प्रथिनं 25 ग्रॅमच्या पुढे जाईनात. म्हाताऱ्या स्नायूंना तेवढ्याच प्रथिनांतून तरुणपणाइतका जोम मिळत नाही, त्यामुळे त्यांची गरज उलट वाढते. प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे रोज 0.8 ग्रॅमचा हिशेब धरतात. वृद्धांसाठी तज्ज्ञ 1 ते 1.2 ग्रॅम सुचवतात. आजींच्या वजनाला ते 51 ते 61 ग्रॅम होतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा लागू नाही, म्हणून आधी रक्ततपासणी करून घेतली. वजन का घटलं याची दुसरी काही कारणं नाहीत ना, हेही डॉक्टरांनी पाहिलं.

खरी गोम दुसऱ्या भेटीत कळली. लेक फोन घ्यायला बाहेर गेली तशा आजी हळूच म्हणाल्या, "कवळी हलते. चावलं की टोचते." चावावं लागणारं सगळं ताटातून गुपचूप गेलं होतं आणि उरलेल्याला 'हलकं' असं नाव मिळालं होतं. लेकीला याचा पत्ताच नव्हता. घरच्यांना सांगायला लाज वाटते अशा गोष्टी आमच्या खोलीत फार निघतात.

कवळी नीट करून घेतली. "मग मी जबरदस्तीने भरवू का?" लेकीने विचारलं. अजिबात नाही. जबरदस्तीने ताटाचाच धसका बसतो. घास तेवढेच ठेवून घासातला ऐवज वाढवायचा. बिस्किटांच्या जागी अंडं आणि दूध आलं, दुधात चमचाभर दूध पावडर, सूपमध्ये घोटलेली डाळ. प्रथिनं रात्रीवर न ढकलता तिन्ही वेळांत वाटली.

पण नुसतं खाऊन भागत नाही. 1994 मध्ये वृद्धाश्रमातल्या 100 जणांवर एक अभ्यास झाला होता, सरासरी वय 87. दहा आठवड्यांच्या वजनी व्यायामाने त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसत्या पूरक आहाराने फरक पडला नाही. म्हणून आजींना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. रोज खुर्चीतून ऊठबस, आधाराला टेबल.

तीन महिन्यांनी वजन सव्वा किलोने वाढलं. फार नाही, पण उतरण थांबली. हाताची घडी घालून चारदा उठल्या, पाचव्यांदा दांडा धरला आणि माझ्याकडे बघून हात पटकन मागे घेतला. सकाळचं अंडं अंगवळणी पडलंय. सूपमधल्या डाळीवरून मात्र त्यांचं आणि लेकीचं अजून रोज वाजतं.