रिपीटर जोडताना आवाज कुठे हरवतो?

या महिन्याच्या टपालातले हौशी रेडिओचे प्रश्न एकाच गाठीभोवती फिरत आहेत. जुना ॲनालॉग एफएम रिपीटर (आलेला सिग्नल घेऊन तो पुन्हा जोराने प्रसारित करणारं केंद्र) आणि नवा डिजिटल रिपीटर एकमेकांना जोडायचे कसे, आणि जोडल्यावर आवाज बिघडतो तो का? पत्रं लांब होती, इथे मुद्द्यापुरती घेतली आहेत.

प्रश्न: आमच्या क्लबचा दोन मीटर बँडवरचा एफएम रिपीटर उत्तम चालतो. नव्या सभासदांकडे डीएमआर या डिजिटल पद्धतीचे हँडसेट आहेत, त्यांच्यासाठी ७० सेंटिमीटरवर एमएमडीव्हीएमवर चालणारा वेगळा रिपीटर उभा केला आहे. दोन्हीकडचे लोक एकमेकांशी बोलू शकतील का? मुक्त सॉफ्टवेअरवर भागवायचं आहे.

बोलू शकतील, आणि अर्धं सामान तुमच्याकडे आधीच आहे. एक गोष्ट मात्र आधी स्पष्ट करते, कारण तिच्याबद्दल बऱ्याच पत्रांत घोळ दिसला. जोनाथन नेलर यांचा एमएमडीव्हीएम हा मुक्त प्रकल्प डीएमआर, डी-स्टार, फ्यूजन, पी२५, एनएक्सडीएन या डिजिटल पद्धती आणि अलीकडच्या आवृत्त्यांत एफएमसुद्धा एकाच बोर्डावर हाताळतो. त्यामुळे तो सगळ्यांना एकमेकांशी बोलतं करतो असा समज होतो. तसं होत नाही. एफएममध्ये आलेलं एफएममध्येच बाहेर पडतं, डीएमआरमध्ये आलेलं डीएमआरमध्ये. एकातून दुसऱ्यात बदलणारा पूल वेगळा बसवावा लागतो.

हा पूल साध्या, न दाबलेल्या आवाजावर उभा असतो. एफएमच्या बाजूला तुम्ही ॲस्टेरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं मुक्त सॉफ्टवेअर आणि त्यावर जिम डिक्सन यांनी लिहिलेलं ॲप-आरपीटी चालवाल. ऑलस्टारलिंक म्हणतात ते हेच. रिसीव्हरमधला आवाज यूएसबी साउंड इंटरफेसमधून संगणकात येतो. तिथून तो यूएसआरपी नावाच्या साध्या प्रोटोकॉलने पुलाकडे जातो: सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, दर २० मिलिसेकंदांना १६० नमुन्यांचं एक पाकीट. पुलाच्या पलीकडच्या टोकाला व्होकोडर (आवाज थोड्या बिटांत दाबणारी यंत्रणा) या आवाजाचं डीएमआरच्या चौकटीत रूपांतर करतो आणि तुमच्या टॉकग्रुपवर (डीएमआरमधल्या बोलण्याच्या गटावर) पाठवतो. डीव्हीस्विच या संचात हे दोन्ही भाग तयार मिळतात.

पुलासाठी स्वतंत्र खासगी नोड (ऑलस्टारलिंकच्या पद्धतीतला क्रमांक असलेला थांबा) घ्या. २००० च्या खालचे क्रमांक त्यासाठीच आहेत, १९९९ चालेल. मग मुख्य रिपीटरला हात न लावता हँडसेटच्या कीपॅडवरून *३१९९९ दाबून पूल जोडता येतो आणि *११९९९ दाबून तोडता येतो. पहाटे दोन वाजता डिजिटल बाजूला कुणाचं पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) अडकलं तर या सोयीची किंमत कळते.

काही जण स्व्हिक्सलिंक सुचवतात. टोबियास ब्लॉमबर्ग यांचं हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं. आटोपशीर आहे, घोषणा आणि टोन टीसीएल स्क्रिप्टमधून हवे तसे बदलता येतात, इंटरनेटवरून हौशी रेडिओ जोडणारं एकोलिंक त्यातच आहे. केवळ एफएम रिपीटर एकमेकांना जोडायचे असते तर मी तेच सांगितलं असतं. डिजिटल पूल बांधायचा असेल तर ॲस्टेरिस्कची वाट जास्त मळलेली आहे. परवान्यात रिपीटर इंटरनेटला जोडण्याबद्दल काय अटी आहेत, ते मात्र वायर लावण्याआधी वाचा.

प्रश्न: आम्ही असा पूल बांधला. डीएमआरवाल्यांचा आवाज एफएमवर छान येतो, पण एफएमवाल्यांचा आवाज डीएमआरवर घोगरा, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो. सॉफ्टवेअर दोनदा नव्याने टाकून पाहिलं. काय चुकतंय?

सॉफ्टवेअरला हात लावू नका. दोष बहुतेक त्याच्याही आधी, रिसीव्हर ते साउंड इंटरफेस या वीतभर केबलमध्ये आहे. या प्रश्नावर मी जरा जास्त जागा घेणार आहे, कारण अशा बहुतेक जोडण्या इथेच कच्च्या राहतात.

व्होकोडर तुमचा आवाज पाठवतच नाही. कापडाऐवजी मापं पाठवावीत आणि पलीकडच्या शिंप्याने त्यावरून अंगरखा शिवावा, तसं त्याचं काम चालतं. दर २० मिलिसेकंदांना तो आवाजाची मूळ पट्टी किती, तो कंठातून आला की नुसता श्वासाचा, आणि ऊर्जा कुठल्या कंपनांत किती, एवढंच मोजतो. डीएमआरमध्ये ही मापं २० मिलिसेकंदांना ४९ बिटांत बसतात, म्हणजे सेकंदाला २४५० बिट. पुलाच्या अलीकडे तोच आवाज सेकंदाला १,२८,००० बिटांचा होता. इतकं पिळताना यंत्राला जे माणसाच्या आवाजासारखं दिसत नाही, त्याचीही मापं माणसाचीच समजून काढली जातात. मेन्सचा हम, स्क्वेल्चच्या (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणाऱ्या फाटकाच्या) शेपटीचा खरखराट, गाडीच्या इंजिनाची घरघर, सगळं त्यात आलं. एफएमवर कान या गोष्टी बाजूला सारतो. व्होकोडर सारत नाही.

म्हणून तीन ठिकाणं तपासा.

पहिलं, आवाज कुठून घेतला आहे? स्पीकरच्या जॅकमधून घेतला असेल तर कुणीतरी व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की पातळी बदलली. बऱ्याच मोबाइल रेडिओंच्या मागे सहा पिनांचा डेटा जॅक असतो, तिथून घ्या. त्यात दोन वेगळे आवाज मिळतात. ९६०० च्या पिनवर डिस्क्रिमिनेटरचा (एफएममधून आवाज काढणाऱ्या भागाचा) कच्चा आवाज असतो, १२०० च्या पिनवर डी-एम्फसिस झालेला. एफएममध्ये पाठवताना वरच्या पट्टीला दर सप्तकाला ६ डेसिबल उठाव दिलेला असतो आणि घेताना तो तितकाच उतरवायचा असतो, हेच डी-एम्फसिस. तो एकदाच उतरला पाहिजे. १२०० च्या पिनवरून आवाज घेऊन सॉफ्टवेअरमध्येही डी-एम्फसिस चालू ठेवलं तर वरची पट्टी दोनदा कापली जाते. तुम्ही लिहिलेल्या घोगरेपणावरून मला पहिला संशय याचाच येतो. उलट, ९६०० वरून घेऊन कुठेच उतरवलं नाही तर आवाज पातळ आणि किरटा होतो.

दुसरं, पातळी. ती कानाने लावू नका, मोजून लावा. एखादा ट्रान्समीटर घ्या, त्याला १ किलोहर्ट्झचा शुद्ध टोन द्या आणि एसएसबी रिसीव्हरवर किंवा स्वस्त एसडीआर (सॉफ्टवेअर रेडिओ) डोंगलच्या स्पेक्ट्रमवर त्याचा कॅरिअर (मूळ वाहक लहर) बघा. टोनची पातळी शून्यापासून हळूहळू वाढवत गेलात की एका क्षणी मधला कॅरिअर नाहीसा होतो आणि फक्त बाजूच्या रेषा उरतात. मॉड्युलेशन इंडेक्स, म्हणजे डेव्हिएशन (फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) भागिले टोनची फ्रिक्वेन्सी, २.४०५ झाला की हे घडतं, म्हणजे त्या क्षणी तुमचं डेव्हिएशन नेमकं २.४०५ किलोहर्ट्झ आहे. टोन १२४७ हर्ट्झचा घेतला तर हाच बिंदू ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशनला येतो. महागडं मीटर नसताना इतकं पक्कं माप मिळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. असा मोजलेला ३ किलोहर्ट्झचा सिग्नल रिपीटरच्या रिसीव्हरला द्या आणि इंटरफेसच्या ट्यूनिंग मेनूमध्ये पातळीची पट्टी ३ किलोहर्ट्झच्या खुणेवर आणा. ५ किलोहर्ट्झ डेव्हिएशनपर्यंत जाणारा मोठ्या आवाजाचा माणूससुद्धा मग कापला जाणार नाही. कापलेल्या लहरीतून व्होकोडरला काहीही चांगलं काढता येत नाही.

तिसरं, सीटीसीएसएस, म्हणजे रिपीटर उघडण्यासाठी बोलण्याखाली सतत पाठवला जाणारा खालच्या कंपनांचा टोन. तुमचे लोक ८८.५ हर्ट्झचा टोन पाठवत असतील आणि आवाज कच्चा घेतला असेल, तर तो टोन थेट व्होकोडरपर्यंत जातो आणि मूळ पट्टी शोधण्याच्या कामात अडथळा आणतो. ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं पुलाआधीच गाळा.

आणि कृपा करून व्हॉक्स (आवाज आला की आपोआप प्रसारण चालू करणारी सोय) वापरू नका. रिसीव्हरचं स्क्वेल्च उघडल्याचा सिग्नल, म्हणजे सीओएस, वायरनेच इंटरफेसला द्या. व्हॉक्सने प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द खाल्ला जातो, आणि कॉलसाइन तर वाक्याच्या सुरुवातीलाच असते.

प्रश्न: पुढे डी-स्टार आणि फ्यूजनही जोडायचं आहे. त्यासाठी एएमबीई चिप विकत घ्यावी लागेल असं ऐकलं. मग याला मुक्त सॉफ्टवेअर का म्हणायचं?

प्रश्न रास्त आहे. मोडेम, रिपीटरचं नियंत्रण, रिफ्लेक्टर (अनेक रिपीटर एकत्र जोडणारे सर्व्हर) यांचा बहुतेक भाग मुक्त आहे. व्होकोडर नाही. एएमबीई कुळातले व्होकोडर डिजिटल व्हॉइस सिस्टिम्स या कंपनीच्या मालकीचे आहेत. डीव्हीस्विचमधले पुलाचे मुख्य भागही तयार बायनरी स्वरूपात मिळतात, त्यांचा सोर्स हाती येत नाही. क्लबच्या बैठकीत हे सांगून टाका, म्हणजे नंतर कुणाला फसवल्यासारखं वाटणार नाही.

चिप मात्र सगळीकडे लागत नाही. डीएमआर, फ्यूजनचा डीएन मोड आणि एनएक्सडीएन हे तिघंही एएमबीई प्लस टू वापरतात आणि त्यांची मापं तीच असतात. त्यामुळे डीएमआरमधून फ्यूजनमध्ये जाताना आवाज उलगडण्याची गरजच नसते. एका चौकटीतले बिट काढून दुसऱ्या चौकटीत ठेवायचे, झालं. एमएमडीव्हीएमच्या जोडीला मिळणारे वायएसएफ-टू-डीएमआरसारखे (वायएसएफ म्हणजे फ्यूजनच) मुक्त प्रोग्राम हेच करतात आणि गुणवत्ता जराही उतरत नाही. डी-स्टारचा एएमबीई जुना आणि वेगळा आहे. तिथे आवाज उलगडून पुन्हा दाबावा लागतो, आणि त्यासाठी मी एएमबीई ३००० ची यूएसबी डोंगल घ्यायला सांगेन. एका डीएमआर हँडसेटच्या फर्मवेअरमधला व्होकोडर संगणकावर चालवणारं एम्युलेटरही फिरतं. घरच्या प्रयोगाला ठीक, क्लबच्या नावावर मी ते लावणार नाही.

हा आवाज पुन्हा पुन्हा पिळण्याचा मुद्दा दुसऱ्या वाटेनेही येतो. एकोलिंकवरचा माणूस जीएसएम या आवाज दाबणाऱ्या कोडेकमधून येतो आणि पुलावर त्याचा आवाज परत दाबला जातो. त्याचा आवाज खराब आला तर पुलाला दोष देऊ नका.

मनापासूनचं मत विचाराल तर माझं लक्ष एम१७ या खुल्या डिजिटल पद्धतीकडे आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात डेव्हिड रो यांचा कोडेक२ सेकंदाला ३२०० बिटांनी वापरतात आणि व्होकोडरसकट सगळा सोर्स खुला आहे. हँडसेट अजून कमी आहेत. पण तुमच्या एमएमडीव्हीएमला तो चालवता येतो, तेव्हा शिकणाऱ्या सभासदांना तिथे हात चालवू द्या.

प्रश्न: दुर्गम जागेमुळे आम्ही रिपीटरला थेट वायर न जोडता त्याच्या फ्रिक्वेन्सीवर लावलेल्या एका लिंक रेडिओतून नोड चालवतो. आता कुणीही न बोलता दोन्ही बाजू एकमेकांना चालू करत राहतात.

रिपीटर बोलणं संपल्यावरही काही सेकंद कॅरिअर धरून ठेवतो. लिंक रेडिओ त्या रिकाम्या कॅरिअरला बोलणं समजतो आणि नेटवर्कवर पाठवतो. पलीकडेही तसाच लिंक रेडिओ असेल तर हे थांबतच नाही. रिपीटरने सीटीसीएसएस टोन फक्त माणूस बोलत असताना पाठवावा, शेपटीत नाही, आणि लिंक रेडिओने टोन असेल तेव्हाच उघडावं. एवढ्याने थांबेल. न थांबल्यास कागदावर सगळी जाळी काढा. तुमचा टॉकग्रुप आणि तुमचा फ्यूजन रिफ्लेक्टर दुसऱ्या कुणी आधीच जोडलेले असतील तर तुमच्याकडे वर्तुळ झालं आहे. दोन नेटवर्कांमध्ये पूल एकच असला पाहिजे.

प्रश्न: डीएमआरच्या पडद्यावर एफएमवरच्या प्रत्येकाच्या जागी एकच कॉलसाइन दिसते. बदलता येईल?

नाही. एफएममध्ये ओळख सांगणारा डेटाच नसतो, म्हणून पुलाचा स्वतःचा डीएमआर आयडी दिसतो. तो एका व्यक्तीच्या नव्हे, क्लबच्या नावावर घ्या. आणि एफएमवाल्यांनी कॉलसाइन तोंडाने सांगायची सवय मोडू नये. शिवाय दोन बोलण्यांत दोन सेकंद सोडा. डीएमआरचा एक बर्स्ट ६० मिलिसेकंदांचा आवाज एकत्र नेतो, त्यात जिटर बफर (मागेपुढे येणारी पाकिटं सावरून घेण्याचा थांबा) आणि इंटरनेटचा वेळ मिळवला की लगेच पीटीटी दाबणारा समोरच्याचं शेवटचं वाक्य कापतो. ॲप-आरपीटीमध्ये नेटवर्कवरून आलेल्या बोलण्याला वेगळा कर्टसी टोन (बोलणं संपल्याची खूण) देता येतो. तो द्या, लोक आपोआप थांबायला शिकतात.

प्रश्न: वादळात इंटरनेट गेलं तर ही सगळी जोडणी निरुपयोगी ना? मग आपत्कालीन कामाला ती धरायची की नाही?

बाहेरच्या नेटवर्काची जोडणी जाईल, तुमची जाऊ देऊ नका. छोट्या संगणकाला रिपीटरचा एकमेव कंट्रोलर करू नका. रिपीटरचा हार्डवेअर कंट्रोलर तसाच ठेवून संगणक त्याच्या लिंक पोर्टवर लावा. संगणक बंद पडला तरी स्थानिक एफएम चालू राहील. दोन्ही रिपीटरच्या जागांमध्ये एआरईडीएनसारख्या मुक्त फर्मवेअरवरची वायफाय हार्डवेअरची रेडिओ मेश (जाळं) टाका. ॲस्टेरिस्कच्या खासगी नोडला इंटरनेट लागत नाही, आयपीची वाट असली की पुरे. डीएमआरच्या बाजूला एचबीलिंक हा पायथनमध्ये लिहिलेला मुक्त सर्व्हर त्याच मेशवर चालवा आणि स्थानिक टॉकग्रुप त्यावरच ठेवा. व्होकोडरची डोंगल, पुलाचा संगणक आणि स्विच हे सगळं रिपीटरच्याच बॅटरीवर असू द्या. मग महिन्यातून एकदा, नेटच्या (ठरलेल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या बैठकीच्या) वेळी, राउटरची बाहेरची केबल मुद्दाम काढून दोन्हीकडच्यांना हजेरी द्यायला सांगा. कोण ऐकू येत नाही ते लिहून ठेवा आणि पुढच्या नेटच्या आत दुरुस्त करा.