चॅरिटी स्ट्रीम आणि पोल घेतले तर गेमच्या चाहत्यांचा गप्प गट बोलता होईल का? सुरुवात कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माइनक्राफ्टचा मराठी सर्व्हर आहे, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर सदस्य भरपूर आहेत, पण बोलणारी तीच ती मंडळी. एखाद्या संस्थेसाठी चॅरिटी स्ट्रीम, म्हणजे देणग्या जमवायला गेमचं थेट प्रक्षेपण, ठेवली आणि त्यात पोल, म्हणजे प्रेक्षकांचं मतदान, घेतलं तर बाकीचे पुढे येतील का, आणि पैशांचं कसं करायचं?

येतील. अट एकच. पोलच्या निकालामुळे खेळणाऱ्याला काहीतरी सोसावं लागलं पाहिजे, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मी एका स्ट्रीमवर मॉड, म्हणजे मॉडरेटर, म्हणून चॅट सांभाळतो. "आज कुठला मॅप खेळू?" छापाचे पोल रोज पाहतो. लोक बटण दाबतात आणि विसरून जातात, कारण कुठलाही पर्याय जिंकला तरी खेळणाऱ्याचं काहीच अडत नाही. मत दिल्याने काही घडलं असं वाटलंच नाही, तर दुसऱ्यांदा कोण कशाला देईल?

या बाबतीत मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते 'गेम्स डन क्विक'ने. अमेरिकेतला हा स्पीडरनचा मेळा, म्हणजे गेम कमीत कमी वेळात संपवणारे खेळाडू आठवडाभर अखंड खेळतात आणि जगभरचे प्रेक्षक देणग्या देतात. २०१० मध्ये माइक उयामा यांच्या आईच्या घरातल्या तळघरात त्याची सुरुवात झाली. तेव्हा 'केअर' या संस्थेसाठी दहा हजार डॉलरहून थोडी जास्त रक्कम जमली होती. आता वर्षातून दोन मोठे मेळे होतात. जानेवारीतला कर्करोग प्रतिबंधाचं काम करणाऱ्या प्रिव्हेंट कॅन्सर फाउंडेशनसाठी आणि उन्हाळ्यातला 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'साठी. २०२० च्या जानेवारीत एकाच मेळ्यात ३० लाख डॉलरच्या वर देणग्या आल्या.

या मेळ्यातला सगळ्यांत गाजलेला पोल 'सुपर मेट्रॉइड' या १९९४ च्या गेमवरचा. गेमच्या ओघात नायिका सॅमसला काही प्राणी भेटतात. भिंतीवर पाय मारत वर कसं चढायचं, वेग घेऊन उंच झेप कशी घ्यायची, हे ते एक शब्दही न बोलता तिला करून दाखवतात. शेवटी ग्रहाचा स्फोट होणार असतो, पडद्यावर उलटी मोजणी चालू असते आणि सॅमस जीव घेऊन पळत असते. त्या वाटेत आडबाजूला एक खोली आहे. तिथे तेच प्राणी अडकलेले असतात. वाट वाकडी करून भिंत फोडली तर ते सुटतात, आणि अखेरच्या दृश्यात ग्रहापासून दूर जाणारा एक बारीकसा ठिपका दिसतो. बक्षीस म्हणून एवढंच. स्पीडरन करणाऱ्याला मात्र यात मोलाचे सेकंद गमवावे लागतात.

म्हणून प्रेक्षकांनाच विचारलं जातं: प्राणी वाचवायचे की मरू द्यायचे? मत म्हणजे देणगी. देताना तुम्ही सांगता की माझे पैसे या बाजूला धरा. दोन्ही आकडे पडद्यावर दिसत असतात आणि मेळा संपत आला की एकमेकांना मागे टाकत पळत सुटतात. जे लोक एरवी महिनोन् महिने गप्प बसून पाहतात, तेही इथे बाजू घेतात. या पोलची रचना मला फार आवडते. प्रश्न दोन ओळींत समजतो. गेम खेळलेल्या माणसाला त्या प्राण्यांबद्दल माया असते. खेळणाऱ्याचं खरंखुरं नुकसान पणाला लागलेलं असतं. आणि हरलेल्या बाजूचे पैसेही त्याच संस्थेला जातात, त्यामुळे भांडण कितीही रंगलं तरी कुणाचं वाईट होत नाही.

तुमच्या सर्व्हरसाठी असाच प्रश्न शोधा. तो बाहेरून आणता येत नाही. तुमच्या लोकांनी ज्यावर आधीच रात्र रात्र वाद घातलाय, तिथेच तो सापडेल. कुणाचं तरी गाव, कुणाचा लांडगा, स्पॉनजवळचा, म्हणजे खेळाडू जिथे पहिल्यांदा उतरतात तिथला, तो जुना वेडावाकडा पूल, काहीही चालेल.

आता एक गोष्ट आपल्याकडे वेगळी आहे, ती आधी सांगतो. तुमच्या सदस्यांत शाळा-कॉलेजातली मुलं बहुसंख्य असणार. त्यांच्याकडे स्वतःचे पैसे नसतात, आणि त्यांनी आईच्या फोनवरून यूपीआय करावं अशी परिस्थिती आपण निर्माण करू नये. म्हणून सगळे पोल पैशांवर ठेवू नका. निम्मे निर्णय फुकट मताचे ठेवा, एक माणूस एक मत, यूट्यूब किंवा ट्विचच्या साध्या पोलवर. पैशांचा सामना एकच असू दे, फार तर दोन. आणि फुकट मतालाही तितकंच वजन द्या. खेळणाऱ्याने सात तासांत गोळा केलेलं सामान फुकट मताने गेलं, तर ज्याच्या खिशात दहा रुपये नाहीत त्या पोरालाही कळतं की आपण मोजले जातो. अठराच्या आतल्या मुलांनी देणगी देऊ नये असं स्ट्रीमवर सरळ, आग्रहाने सांगा. कमी जमतील. जमू द्या.

नियम आधी लिहून सगळ्यांना दाखवा आणि मग मधेच बदलू नका. २०१४ च्या फेब्रुवारीत 'ट्विच प्लेज पोकेमॉन' नावाचा प्रयोग झाला होता, चॅटमधले हजारो लोक एकाच वेळी आज्ञा टाकून एकच पोकेमॉन गेम खेळत होते. गाडी एका ठिकाणी अडली तेव्हा चालकाने बहुमताने चाल ठरवण्याची पद्धत आणली. लोक इतके चिडले की निषेध म्हणून 'स्टार्ट९' ही आज्ञा टाकटाकून त्यांनी गेम जागेवर थांबवून ठेवला. शेवटी कुठली पद्धत वापरायची हेच मतावर सोपवावं लागलं, आणि १ मार्चला गेम पूर्ण झाला. गोंधळात रमलेल्या लोकांना न विचारता शिस्त लावली की काय होतं, ते तिथे दिसलं.

गप्प सदस्यांबद्दल तुम्ही विशेष विचारलंय, म्हणून देणगीसोबतच्या संदेशांवर थोडं जास्त लिहितो. गेम्स डन क्विकमध्ये एक निवेदक सतत हे संदेश वाचत असतो. जानेवारीच्या मेळ्यात कुणी लिहितं, आईला कर्करोगाने नेलं. कुणी लिहितं, उपचार संपले, घरी आलोय, तुमचा मेळा पाहत होतो. समोर गेम चालू असतो, आणि हे मधेच कानावर पडतं. चॅटमध्ये कधीच काही न बोलणारा माणूस इथे बोलतो, कारण त्याला संभाषण करायचं नसतं, एकदाच काहीतरी सांगायचं असतं. तुमच्या गटातली शांत मंडळी बहुतेक अशीच असणार. त्यांच्यासाठी ही जागा काढा. संदेश वाचायला एक वेगळा माणूस बसवा, खेळणाऱ्यावर ते काम टाकू नका. मराठी नीट वाचणारा, नावं न चुकणारा, घाई न करणारा हवा. देणगी न देणाऱ्यांसाठीही एक साधा फॉर्म ठेवा आणि तेही संदेश त्याच आवाजात, त्याच आदराने वाचा. मला विचाराल तर स्ट्रीमचं निम्मं यश या एका माणसावर आहे.

वेळेचं म्हणाल तर 'डेझर्ट बस फॉर होप'चं गणित उचलण्यासारखं आहे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातला 'लोडिंगरेडीरन' हा गट २००७ पासून हे करतो, पैसे जातात रुग्णालयातल्या मुलांना खेळणी आणि गेम पुरवणाऱ्या 'चाइल्ड्स प्ले' संस्थेला. गेम मुद्दाम कंटाळवाणा आहे: टूसॉनहून लास व्हेगासपर्यंत बस चालवायची, आठ तास, ताशी ४५ मैलांच्या वर वेग नाही, बस सारखी उजवीकडे ओढते, पोचलात की गुण मिळतो एक. प्रेक्षक देणगी देऊन त्यांचे तास विकत घेतात. पहिला तास एक डॉलरला आणि पुढचा प्रत्येक तास आधीच्यापेक्षा सात टक्के महाग. तुम्ही पहिला तास १०० रुपयांना ठेवलात तर १२ तास साधारण १,७९० रुपयांत होतात आणि २४ तास साधारण ५,८२० रुपयांत. म्हणजे सुरुवातीचे तास भराभर भरतात, लोकांना हुरूप येतो, आणि पुढे एकेक तास मिळवायला सगळ्यांना मिळून जोर लावावा लागतो.

पण एकट्याने २४ तास बसू नका, हे कळकळीने सांगतो. डेझर्ट बसवालेसुद्धा सहा-सहा तासांच्या पाळ्या करतात. त्या पाळ्यांना नावं आहेत, डॉन गार्ड, अल्फा फ्लाइट, नाइट वॉच, झीटा शिफ्ट, आणि प्रेक्षक आपापली पाळी अभिमानाने मिरवतात. तुमच्याकडे पुण्या-नाशिकची मुलं असतील तशी दुबईची, न्यू जर्सीचीही असतील. आपल्याकडच्या पहाटेची पाळी अमेरिकेतल्या मंडळींच्या नावावर करून टाका. ज्यांना वेळेच्या फरकामुळे कधी सामील होता येत नव्हतं, त्यांना हक्काची जागा मिळेल.

आता पैसे. स्वतःच्या किंवा मॉडच्या यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. सुपरचॅट, म्हणजे यूट्यूबच्या चॅटमधून पैसे देऊन पाठवलेले संदेश, तेही नकोत. त्यातला ३० टक्के वाटा यूट्यूब ठेवतं आणि उरलेली रक्कम कागदोपत्री तुमची कमाई ठरते. देणगी थेट संस्थेच्या खात्यात किंवा तिच्या अधिकृत देणगी पानावर गेली पाहिजे, म्हणजे करसवलतीची (८०जीची) पावतीही देणाऱ्याच्या नावाने निघते. संस्थेला आधी पत्र लिहा, लेखी होकार घ्या, आणि रक्कम ताजी ताजी कळत राहील अशी सोय मागा, नाहीतर पडद्यावरचे आकडे हलणार नाहीत आणि पोलचा जीवच जाईल. महाराष्ट्रात, नोंदणीकृत संस्था नसताना धर्मादाय कामासाठी स्वतः पैसे गोळा करायचे तर सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी दरवर्षी घेतात तीच ही. थेट संस्थेच्या खात्यावर पाठवलंत की हा प्रश्न तुमच्यापुरता उरत नाही.

परदेशातल्या सदस्यांसाठी एक बारकावा. भारतीय पासपोर्ट असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. ज्यांनी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय त्यांची मात्र विदेशी ठरते, ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं) कार्ड असलं तरीही, आणि ती घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी असावी लागते. ती नसेल तर न्यू जर्सीच्या काकांना आधीच सांगून टाका. त्यांनी संदेश पाठवावा, पाळी सांभाळावी, फुकट मत द्यावं.

देणगीदारांमध्ये सोडत काढून बक्षीस देण्याचा मोह अनेकांना होतो. करू नका. लॉटरीच्या कायद्यात पाय अडकतो, आणि लोक बक्षिसासाठी आले की संस्थेचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

संस्था कुठली, हाही पोलच करा, स्ट्रीमच्या महिनाभर आधी. फक्त यादीत तीनच नावं ठेवा, आणि तिन्हींशी तुमचं आधी बोलणं झालेलं असू दे. अजय नागर म्हणजे यूट्यूबर कॅरीमिनाटीने २०१८ च्या केरळच्या पुरासाठी आणि २०१९ च्या फनी वादळासाठी लाइव्ह स्ट्रीम केले तेव्हा कारण सगळ्या देशासमोर होतं, वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्या छोट्या गटात ते समजावून सांगावं लागेल. संस्थेतल्या कुणाला तरी स्ट्रीमवर दहा मिनिटं बोलवा आणि या रकमेचं नक्की काय येईल ते त्यांच्याच तोंडून ऐकवा. स्ट्रीमनंतर आठवड्याच्या आत संस्थेची पोच डिस्कॉर्डवर टाका, रक्कम छोटी असली तरी.

शेवटी माइनक्राफ्टपुरता माझा एक ठोस प्रस्ताव. हार्डकोर जग उघडा, एकच जीव. पैशांचा मुख्य सामना ठेवा: खेळणाऱ्याला झोपू द्यायचं की नाही? गेममधले तीन दिवस, म्हणजे आपला एक तास, झोप झाली नाही की पुढे रात्री फँटम नावाचे उडते राक्षस झडप घालायला लागतात. सगळ्यांना हे माहीत आहे, सगळ्यांनी त्यांचा मार खाल्लेला आहे. दर तासाला आकडे पाहा आणि जी बाजू पुढे असेल तिचं ऐका. 'झोपू नको' जिंकलं तर पलंग लपवून ठेवायचा नाही. तो उचला, सगळ्यांसमोर लाव्हात फेका, आणि लगेच फुकट मताचा पुढचा पोल लावा: नेदरमध्ये, म्हणजे गेममधल्या आगीच्या पाताळात, चिलखत घालून जायचं, की तसंच?